करंदीचा बाळंतविडा

मुंद्रा,
२८ डिसेंबर २०२४

प्रिय आबा,

काल फोनवर आपण जे केलं त्याला बोलणं म्हणायचं असेल तर म्हणू या. मी म्हणाले, "आबा, लंगोट पाठव." तू म्हणालास, "लंगर कशाला? जावयानं होडी घेतली काय?" मी पुन्हा ओरडले, तर शेजारच्या गुजराती बाई पदर सावरत धावत आल्या, कुणाला काय झालं म्हणून. आणि तिकडून तू शांतपणे सांगत होतास, "लंगर टपालानं यायचा न्हाय, दिपेशच्या वळखीचा ट्रेलरवाला असंल तर बघ." शेवटी मी फोन ठेवून दिला. सगळी उमर बोटीच्या इंजिनाला कान लावून बसलास, आता ते कान फोनला कुठून कामाला येणार. आणि कानाचं यंत्र आणलं ते तू कपाटात ठेवलंयस, खराब होऊ नये म्हणून. तेव्हा हे पत्र.

नीट वाच. लंगर नको, लंगोट हवेत. खरं तर शिवलेले लंगोटही नकोत, नुसतं कापड हवं आहे. त्रिशाला बाजारातले तयार डायपर सोसत नाहीत. मांड्यांना लालभडक पुरळ येतं आणि ती एवढी रडते की मलाही रडू येतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुती कापडाचंच काहीतरी वापरा. सासूबाई धोतराच्या फडक्याचे लंगोट बांधतात, पण आपल्या पोरीचं काम असं की एकदा केली की लंगोट, दुपटं, माझी साडी आणि खालची गोधडी, सगळं एकदम धुवायला. मी इथल्या शिंप्याकडून नव्या पद्धतीचे शिवून घेईन म्हणते. त्यासाठी आईची जुनी लुगडी पाठव. धुऊन धुऊन मऊ झालेलं तसं सूत इथे कुठेच मिळत नाही.

शिमग्याला येतेस का म्हणून विचारलंस. सासूबाई म्हणतात, ज्या घरात बाईमाणूस नाही तिथे एवढ्याशा पोरीला न्यायचं नाही. मी त्यांना म्हटलं, बघू.

तुझी,
ऋतिका


रेवदंडा,
६ जानेवारी २०२५

चि. ऋतिका बाय हिला आबाचे अनेक आशीर्वाद. करंदीला एक पापा दे.

तू तिला तिरशा म्हण नाय तर काय पण म्हण, माझ्या जिभेला त्या नावाचा काटा लागतो. बारशाला बघितली तवा ती गुलाबी नि वाकडी, अगदी ताज्या करंदीवानी, बारक्या कोळंबीवानी दिसत व्हती, म्हणून मी तिला करंदीच म्हणणार. मोठी झाली की भांडायला येऊ दे माझ्याशी.

लुगडी पेटीतनं काढली. उन्हात घातली. पण बाय, मी ती पाठवणार न्हाय. मी लंगोट पाठवणार.

आता हसू नको. पहिल्या नातवंडाचा बाळंतविडा माहेराहून जातो, ही आपली रीत हाय. दुपटी, झबली, टोपडी, लंगोट, सगळं आजी आपल्या हातानं शिवते. तुझी आय असती तर तू पोटुशी हायस कळल्या दिवशी सुई-दोरा घेऊन वटीवर बसली असती. ती तुझ्या लग्नाच्या आधीच गेली. मी बारशाला काय आणलं, तर अलिबागच्या दुकानातनं तयार कपड्यांचा एक डबा, त्याच्यावर ससा. तुझ्या सासरच्यांनी नाव न्हाय ठेवलं, पण मना माझीच लाज वाटली. त्यो डबा म्हणजे काय बाळंतविडा व्हय? तवा तिथल्या शिंप्याला हात लावू देऊ नको. मी जाळी शिवलीत, शीड शिवलंय, वीतभर लंगोटाची काय मिजास. तू फक्त सांग, त्यो नव्या पद्धतीचा लंगोट असतो कसा.

विहीणबाई बोलल्या त्यात खोटं कायच न्हाय. घरात बाईमाणूस न्हाय हे मना रोज चाय करताना कळतं. पण त्यावरनं शिवा नाखव्याच्या पोरीचं माहेर बंद झालं, असं कुणी म्हणू नये, एवढंच मना वाटतं. तू ह्या शिमग्याला करंदीला घेऊन ये. मी सगळं करीन. वरण-भात करतो, मच्छी करतो, पोर का सांभाळता येणार न्हाय?

आणि हे शिवणाचं कुणाला सांगू नको. कोळीवाड्यात कळलं तर मना बंदरावर जायची चोरी व्हईल.

तुझा आबा,
शिवदास


मुंद्रा,
१४ जानेवारी २०२५

प्रिय आबा,

तुझं पत्र वाचून मी आधी खूप हसले, मग हसू थांबलं. दिपेश विचारायला लागला, काय झालं. मी म्हटलं, आमच्या आबाला माझ्यासाठी सुई हातात घ्यावीशी वाटतेय. तो म्हणाला, "मग घेऊ दे ना." सासूबाईंना कळलंच. तू म्हणालास कुणाला सांगू नको, पण या घरात भिंतीलाही सगळं कळतं. त्या म्हणाल्या, "व्याही लंगोट शिवणार? बग, होरीचा शीड पाठवतील." चिडू नकोस, त्या स्वतःच्या चपलेलाही असंच बोलतात.

सोबत एक विकतचा कापडी डायपर नमुन्याला पाठवतेय. धुतलेला आहे, वास घेत बसू नकोस. आता हा कसा असतो ते सांगते. बाहेरचं कापड रेनकोटसारखं असतं, त्यातून ओल बाहेर येत नाही. आतलं कापड मऊ, ते पोरीच्या अंगाला लागतं. आणि या दोघांच्या मध्ये खिसा. त्या खिशात घड्या घातलेली जाड पट्टी सरकवायची. खरं काम ती पट्टी करते, सगळं पाणी तीच पिते. ओली झाली की पट्टी काढायची, दुसरी घालायची. मांडीपाशी आणि पाठीशी इलॅस्टिक. ते ओढून बसवू नकोस, वळ उठतात. पुढे टिचबटणं, म्हणजे पोरगी वाढेल तसं बटण पुढे सरकवता येतं.

नमुन्याची पट्टी मात्र चांगली नाही. बाहेरून वाळल्यासारखी वाटते आणि आत ओलीच राहते. दोन दिवसांत कुबट वास येतो. त्यावर तुला काही सुचलं तर बघ.

मी बरी आहे. झोपही होते. काळजी करू नकोस.

तुझी,
ऋतिका


रेवदंडा,
२७ जानेवारी २०२५

चि. ऋतिका बाय हिला आशीर्वाद.

सोबतचं गाठोडं उघडायच्या आधी हे वाच.

तुझा नमुना मी टेबलावर ठेवून दोन दिवस नुसता बघत बसलो. तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं. बाय गो, हे तर आपलं डोल जाळं. तोंड मोठं, मागं निमुळतं, नि जे काय येतं ते सगळं मागच्या खोळीत जमा व्हतं. मग मना कायच अवघड वाटलं न्हाय. मांडीला इलॅस्टिक म्हणजे तोंडाची दोरी, सैल सोडली तर माल बाहेर.

दुपारी अनंता शिंपी जेवायला घरी जातो, तवा त्याच्या दुकानात बसून मी टिपा मारल्या. अनंताला सांगितलंय, शिडाचं काम हाय. त्यानं एकदा एक लंगोट हातात धरून बघितला नि म्हणाला, "नाखवा, होडी बरीच लहान दिसते." मी ऐकू न आल्यासारखं केलं. बहिरं असण्याचा कधी कधी फायदा असतो.

बाहेरच्या कापडाला टिपा कमी मारल्यात. जितकी भोकं तितकी गळती, हे कुणी मना शिकवायला नको. आतल्या पट्ट्या तुझ्या आयच्या लुगड्याच्या. हिरवं लुगडं आठवतं, ती नारळी पुनवेला नेसायची? ते पयलं फाडलं. फाडताना हात जरा थांबला. मग म्हटलं, पेटीत राहून तरी कुणाच्या अंगाला लागणार हाय.

आता एक गोष्ट तुझ्या नमुन्यात न्हाय, ती मी आपल्या डोक्यानं घातलीय. पोरीचं पाणी म्हणजे खारं पाणी. खाऱ्या पाण्यात सूत टिकत न्हाय, महिन्या-दोन महिन्यांत कुजतं. त्यावरचा इलाज मना माझ्या बापानं शिकवलाय. गाठोडं उघडलंस की रंग बघून समजशील. हे लंगोट करंदीला पुरून उरतील, नि तिच्या पाठच्याला पण.

विहीणबाईंना दाखव. शीड हाय का बघा म्हणावं.

तुझा आबा


मुंद्रा,
५ फेब्रुवारी २०२५

प्रिय आबा,

गाठोडं मिळालं. आधी सांगते, त्रिशा अगदी ठणठणीत आहे. हे वाक्य दोनदा वाच आणि मग पुढे जा.

गाठोडं सोडलं तर आईची लुगडी ओळखूच येईनात. हिरवं नाही, जांभळं नाही, सगळं चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी. वास घेतला आणि समजलं. आबा, तू लंगोट ऐनाच्या झाडाच्या सालीत उकळलेस. आजोबा सुताची जाळी उकळायचे तसे. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी नायलॉन आलं, तरी तुझ्या डोक्यातली ती साल काही गेली नाही.

मी म्हटलं, असू दे रंग, कापड तर आईचंच आहे. तासभर बांधून पाहू. बांधला, आणि तासाभरानं सासूबाईंनी दुपटं बदलायला घेतलं आणि अशी किंकाळी फोडली की खालच्या ट्रेलरचा ड्रायव्हर वर आला. त्रिशा कमरेपासून मांड्यांपर्यंत तपकिरी. साल पाझरून सगळी अंगाला लागली होती, पण सासूबाईंना वाटलं, पोरीचं रक्त साकळलं. त्यांनी चपला न घालता तिला उचललं आणि रिक्षात बसल्या. मी मागून दुसऱ्या रिक्षात. डॉक्टरीणबाईंनी ओल्या कापसानं एक जागा पुसली, खालून गोरी कातडी निघाली. मग त्यांनी विचारलं, "ये क्या लगाया है?" मला हिंदीत ऐनाची साल सांगता येईना. मी म्हटलं, मछली पकडने की जाली का रंग. त्या तोंडावर रुमाल धरून आतल्या खोलीत गेल्या, हसून परत आल्या.

आणि आबा, रंगाचं सोडलं तरी एक चूक झाली आहे. साल लागली की सूत पाणी पीत नाही. पट्ट्या पापडासारख्या कडक झाल्यात. सगळं पाणी वरून वाहून बाहेर येतं. जाळ्यातून पाणी गेलं पाहिजे. लंगोटात ते राहिलं पाहिजे. तू जाळं फार छान शिवलंस.

सासूबाईंचं आता एकच चाललंय. "ह्याच्यासाठीच मी बोल्ले व्हते, बाईमाणूस नाय तिथं पोर न्यायची नाय." या वेळी मला उत्तर देता आलं नाही. तेव्हा राहू दे. उगाच डोळे फोडून शिवत बसू नकोस, मी इथल्या शिंप्याकडे टाकते. शिमग्याचंही यंदा राहू दे. पोरगी जरा मोठी झाली की येऊ.

तू रागावू नकोस.

तुझी,
ऋतिका


मुंद्रा,
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय आबा,

पत्र का नाही? फोन केला तर शेजारचा चिराग उचलतो आणि म्हणतो, काका घरात नाही. काल विचारलं, कुठे गेलाय, तर म्हणाला, सांगू नको म्हणून सांगितलंय. तू एवढा रागावलास का? मी काही खोटं लिहिलं होतं का? लिहिलं असेल तर शिव्या घाल, पण दोन ओळी टाक.

ऋतिका


मुंद्रा,
१९ फेब्रुवारी २०२५

शिवदास व्याही यांना मनुबाईचा रामराम.

(आबा, मी दिपेश. आईला लिहिता येत नाही. ती सांगतेय तसंच लिहितोय, माझ्या पदरचं एक अक्षर नाही. ऋतिका पोरीला घेऊन डोस द्यायला गेली आहे, म्हणून हे आत्ता.)

व्याही, तुम्ही रुसलाव काय? रुसायचं काम बाईचं. तुम्ही तं पुरुषमाणूस, नाखवा. आमच्या जासई गावात तुमच्यावानी कुणी रुसला तं त्याला शिमग्यात गाढवावर बसवतील.

(हे वाक्य काढू का म्हणून विचारलं. नाही म्हणाली.)

मी बोल्ले व्हते बाईमाणूस नाय तिथं पोर पाठवायची नाय. बोल्ले. पोरीच्या मांड्या काल्या बगल्या तवा माझा जीव तोंडात आला व्हता, तवा आनखी धा शब्द बोल्ले. पण आता एक सांगते ते ऐका. तुमच्या पोरीनं ते सगले लंगोट पाण्यात टाकले, रंग काढाला. एक मातर टाकला नाय. त्यो उशीखाली ठेवलाय. मी चादर बदलाला जेली तं हाताला लागला. मी इचारलं, हे काय गो? तं म्हन्ते, आई, याला आमच्या घराचा वास येतो. ऐनाची साल नि सुकी मासली. मी पन वास घेतला. वास येतो, त्यात खोटं नाय.

तुमाला ती लिवते मी बरी हाय. बरी नाय. पोर रातभर जागवते नि दिवसा माझ्यासमोर रडत नाय, न्हाणीघरात जाऊन रडते. न्हाणीघराची भिंत पातल हाय. मना वाटतं, बालंतीण झाल्यापासून तिला कुनी एक दिवस झोपू दिला नाय. मी पन नाय. मी सासू हाय, मी उठवते. उठ, पोर रडते. उठ, चा झाला. सासूच्या घरात सून उन्हं येईपरयंत झोपली तं मनाच बरं दिसत नाय. माझ्या सासूनं मना झोपू दिला नाय, मी कुनाला झोपू द्यायला कधी शिकले?

अजून एक. बाईमाणसाचं मी बोल्ले ते सगलं पोरीच्या कालजीनं बोल्ले नाय. हितं मना कुनाची बोली समजत नाय. मिठागरावरच्या आमच्या बाया हजार गोष्टी बोलायच्या, हितं मी नि भिंत. ती पोर हाय म्हनून माझा दिस जातो. ती तिकरं जेली तं मी काय करू, हे माझ्या मनात व्हतं. बाईमाणसाचं निमित्त झालं.

(आई रडतेय. पाणी दिलं. आता पुढे सांगतेय.)

तं मी काय बोलते, मी नाय म्हनत नाय. दिपेश शिमग्याला दोघींना आनून सोडील. पन तुमी मना खरं सांगा. पोर सांभालता येईल काय? शीड शिवून पोर सांभालत नाय कुनी. आनि रुसला असाल तं तेही लिवा, म्हन्जे मी पन रुसाला मोकली.

मनुबाई
(लिहिणार दिपेश)


रेवदंडा,
१ मार्च २०२५

विहीणबाई मनुबाई यांना शिवदास नाखव्याचा रामराम. जावईबापूंना आशीर्वाद. हे पत्र विहीणबाईंना मोठ्यानं वाचून दाखवा. ऋतिकालाही वाचू द्या.

मी रुसलो न्हाय. मी शिकायला गेलो व्हतो.

ऋतिकाचं पत्र आलं तवा खरं सांगतो, मी त्या दिवशी जेवलो न्हाय. पोरीच्या अंगाला माझ्या हातानं रंग लागला, नि वर मी तुमच्यावर शेरे मारत बसलो. मग मी विचार केला, चुकलं कुठं. मी लंगोट शिवला, पण ज्याच्यासाठी शिवला ते पोर मी कधी हातात घेऊन धुतलं न्हाय. ऋतिका लहान व्हती तवा मी समुद्रावर. आलो की ती झोपलेली. तिच्या आयनं, सखुबाईनं तिला वाढवलं, मी नुसता लाड केला. मना लंगोटाची काय कळणार अक्कल.

आमच्या आळीत नीराबाई हाय. सगळ्या कोळीवाड्याची पोरं तीच न्हाऊ घालते. तिच्या दारात जाऊन उभा राहिलो नि म्हटलं, मना शिकव. ती म्हणाली, "नाखवा, पिऊन आलास काय?" मी म्हटलं, न्हाय. तिनं मना पयले चार-पाच दिवस पोराला हात लावू दिला न्हाय. शहाळ्यावर शिकवलं. शहाळ्याला लंगोट बांध, वरनं तांब्यानं पाणी ओत, खाली कागद ठेव, कागद भिजला का बघ. तिच्या अंगणात मी शहाळ्याला लंगोट बांधत बसलो नि सगळी आळी कुंपणावर उभी. ज्या गोष्टीला मी भीत व्हतो ती झाली, तर मना कळलं की त्यात भिण्यासारखं कायच नव्हतं. उलट बाया सांगायला लागल्या, नाखवा, घडी अशी घाल, तशी नको. अनंता शिंप्यानं त्याचं मशीन सकाळी पण वापरायला दिलं. लहान होडी कुठवर आली म्हणून रोज विचारतो.

पट्टीचं ऋतिका म्हणत व्हती, आत ओली राहते. ते आता जमलंय. सगळ्या थरांना चारी बाजूंनी टीप मारली की मधे वारा जात न्हाय. मी थर फक्त एका टोकाला शिवले, बाकी मोकळे. खिशात घालताना घडी करायची, वाळत घालताना उलगडायची. उन्हात लगेच सुकते. मऊ लुगडं, धुवून धुवून. साल न्हाय. सालीचं भांडं मी चिरागला दिलं, त्यात तो आता बोटीचा रंग कालवतो.

मग चिरागच्या पोरावर हात बसवला. ते सात महिन्यांचं हाय, लाथ मारतं. धुणं, पुसणं, बांधणं, ढेकर काढणं, सगळं येतं आता. एकदा माझ्या सदऱ्यावर ओकलं, तवा नीराबाई म्हणाली, आता तू पास झालास.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे. पोर सांभाळता येईल. नीराबाई दोन घरं पलीकडं हाय, अडलं तर हाक मारीन. ती हाक मना ऐकू येत न्हाय, पण तिला येते.

नि विहीणबाई, ऋतिका न्हाणीघरात रडते हे तुम्ही मना लिवलंत, हे उपकार मी विसरायचा न्हाय. पोरीनं ते मना कधी सांगितलं नसतं. तिला पाठवा. इथं तिला कुणी उठवणार न्हाय. मी तर बहिरा, मना घरात कोण जागं हाय नि कोण झोपलंय, तेच कळत न्हाय.

आपला,
शिवदास


रेवदंडा,
१९ मार्च २०२५

ती. आईंना ऋतिकाचा नमस्कार.

रोज दोनदा आपण फोनवर बोलतो, तरी हे पत्र. आबाचं म्हणणं, विहीणबाईंनी मला पत्र धाडलं, तर त्यांच्या दारातही पोस्टमन आला पाहिजे. दिपेशला वाचायला लावा, आणि वाचताना त्यानं मधे मधे हसायचं नाही म्हणून सांगा.

आम्ही पोचलो तेव्हा आबा ओसरीवर तांब्या, टॉवेल आणि लंगोटांची चळत घेऊन बसला होता, जणू बोट धक्क्याला लागतेय. त्रिशानं माझ्याकडून त्याच्या मांडीवर जाताक्षणी तिचं काम केलं. मी घाबरून पुढे झाले, तर तो म्हणाला, "थांब." टिचबटणं उघडली, ओली पट्टी काढली, पुसलं, नवी घातली, बटणं लावली. मग तिच्या मांडीशी बोट घालून बघितलं, इलॅस्टिक काचतंय का. तुम्ही बघता तसंच. त्याच्या सदऱ्याला टिपूसही लागलं नाही. कोरडी, आणि गोरी. तपकिरी नाही, हे तुम्हाला मुद्दाम सांगते.

शिमग्याला काय झालं ते ऐकाल तर पोट धरून हसाल. होळीभोवती पोरांनी आबाच्या नावानं बोंब ठोकली, शिवा नाखव्यानं जाळं सोडलं नि लंगोट धरला. सगळा कोळीवाडा हसत होता. मला वाटलं, याला लागेल. तर हा त्रिशाला खांद्यावर घेऊन पुढे गेला आणि तिचा लंगोट सगळ्यांना दाखवून म्हणाला, "धरला, पण गळतो काय ते सांगा." आता दोन घरच्या सुना त्याच्याकडे नमुना मागायला येऊन गेल्या. आबा त्यांना कापड आणायला सांगतो आणि आधी शहाळं.

आता खरी गोष्ट, जी मला फोनवर सांगता येत नाही. परवा सकाळी मी त्रिशाला पाजलं. आबा म्हणाला, "दे ती इकडं, तू पड." मी म्हटलं, पाच मिनिटं. आतल्या खोलीत, आईच्या जागेवर आडवी झाले. उठले तेव्हा ऊन उंबरा ओलांडून खोलीत आलं होतं. मी धडपडत बाहेर आले. मला वाटलं, कुणीतरी बोलणार, एवढा वेळ झोपतात का. आबा ओसरीवर तिला मांडीवर घेऊन बंदरातल्या होड्यांची नावं सांगत होता, आणि ती त्याची मिशी ओढत होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "झोपलीस?" मी "हो" म्हटलं. तो म्हणाला, "मग परत झोप, ती आता उपाशी न्हाय." आणि मी परत आत जाऊन झोपले.

आई, लग्नाआधी माझी आई गेली तेव्हापासून मला वाटत होतं की आता ते घर नुसतं आबाचं घर आहे. माझं माहेर राहिलं नाही. कुणाला कधी बोलले नाही. बाई नाही तर माहेर कसलं, हे तुम्ही म्हणालात, पण माझ्याही मनात तेच होतं, म्हणून तर मला उत्तर देता आलं नाही. परवा उठले तेव्हा समजलं की मला माहेर आहे. तुम्ही मला पाठवलंत म्हणून ते समजलं. इथे यायला तुम्ही हो म्हणालात ते तुम्हाला किती जड गेलं, हेही मला माहीत आहे. आबानं तुमचं ते पत्र मला इथे आल्यावर दाखवलं.

दिपेश विचारत होता, न्यायला कधी येऊ. त्याला सांगा, एवढ्यात नको. आणि तुम्ही तिकडे भिंतीशी बोलत बसू नका. इथे सगळ्यांची बोली तुम्हाला समजेल, नीराबाईशी भांडायलाही मिळेल. आबा म्हणतो, विहीणबाईंना लिही, न्यायला म्हणून येऊ नका, राहायला या.

मीही तेच म्हणते.

तुमची,
ऋतिका